काड्यापेटीतला दोरा

बाई,

काल दुकानात एक मुलगी आली होती, आईबरोबर. आठवी-नववीतली असेल. मावशीच्या लग्नासाठी ब्लाऊज शिवायचा होता. मी कमरेला टेप लावली तशी तिने श्वास आत ओढून धरला. पस्तीस वर्षं मापं घेणाऱ्या हाताला हे कळायला वेळ लागत नाही. टेपेखालचं अंग एकदम ताठ होतं आणि मुलगी छताकडे बघायला लागते. तिची आई स्टुलावर बसून म्हणाली, "घट्टच शिवा हो, तेवढ्याने तरी खाणं कमी होईल." मी तिच्याकडे असं बघितलं की बिचारी पिशवीत उगाच काहीतरी शोधायला लागली. गिऱ्हाइकाशी असं वागू नये हे मला कळतं, पण या एका बाबतीत माझं डोकं ताळ्यावर राहत नाही. मुलीला म्हटलं, "सोड श्वास. कापड काय पळून जात नाय." ती हसली आणि तिने श्वास सोडला. मी माप कागदावर लिहिलं, तोंडाने उच्चारलं नाही. माझ्या दुकानात माप मोठ्याने बोलत नाहीत. शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, कात्री धरायला नंतर.

त्या दोघी गेल्यावर मशीनच्या खणातून ती काड्यापेटी काढली. तुमचा पांढरा दोरा आता पिवळट झालाय, पण सातही गाठी शाबूत आहेत. तुम्ही जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं मला दीड महिन्याने कळलं, तेही मंडणगडच्या एका बाईने बाजारात बोलता बोलता सांगितलं म्हणून. त्या दिवशी मी घरी येऊन दोन वेळचा स्वयंपाक केला, स्वतःला पहिलं वाढून घेतलं आणि मग सगळ्यांना वाढलं. एवढंच करता आलं मला तुमच्यासाठी. आज मात्र लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे, आणि काल त्या मुलीने ती माझ्या समोर उभी केली.

ऐंशी सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. आठवीपासून तुम्ही आम्हाला शिवण शिकवायला होतात. शाळेच्या मागची ती लांबट, जांभ्याची खोली, आमचा वर्ग तिथेच भरायचा. खिडकीतून भाट्याच्या बाजूचा समुद्र जेमतेम बोटभर दिसायचा आणि आमचं अर्धं लक्ष त्या बोटभर पाण्यातच असायचं. तुम्ही बुटक्या, रुंद, चालताना छत्री काठीसारखी टेकत येणाऱ्या. पोलक्याचं कटिंग शिकवायचं होतं. दोघी-दोघींनी एकमेकींची मापं घ्यायची, एकेकीने उठून सांगायची आणि तुम्ही ती फळ्यावर लिहायची. आधी हजेरीचा नंबर, पुढे छाती, पुढे कंबर. माझ्या जोडीदारणीने माझा आकडा सांगितला तेव्हा तुमचा खडू थांबला. तुम्ही विचारलंत, "नीट घेतलंस ना गो? परत घे बघू." तिने परत घेतलं. तेवढंच आलं, आणि या खेपेला तिने ते आधीपेक्षा मोठ्याने सांगितलं. वर्ग हसला. तुम्ही डस्टर आपटून सगळ्यांना गप्प केलंत आणि आकडा लिहून टाकलात. पुढच्या तासाला भूगोलाच्या सरांनी कोकणचा किनारा काढायला फळा पुसला, तोपर्यंत मी तिथे वर लटकलेली होते.

पण सगळा दोष त्या फळ्याचा नव्हता, हे तुम्हीच मला पुढे शिकवलंत. आमच्या घरात जेवण ही साधी गोष्ट कधीच नव्हती. बाबा मुंबईला गोदीत कारकून. गणपतीला आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस, एवढेच ते आम्हाला मिळायचे. घरात आई आणि बाबांची मोठी बहीण, आमची आते. आते लवकर विधवा होऊन परत आलेली. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या आणि उरलेलं सगळं माझ्या ताटातून बोलायच्या. आते म्हणायची, "पोरीच्या जातीला येवढी भूक बरी नाय. उद्या सासरी काय सांगतील, कोठारच आलंय म्हणून?" आईच्या पुढच्या वाढपात भाताच्या ढिगाखाली तुपाचा गोळा लपलेला असायचा. मी भाकरी मागितली की आते मोठ्याने मोजायची. मागितली नाही की आईचे डोळे भरायचे. खाल्लं तर एक नाराज, नाही खाल्लं तर दुसरी. आई स्वतः सगळ्यांच्या मागून, चुलीपुढे उकिडवी बसून, भांड्याला लागलेलं निपटून खायची. तिला कशाची आवड आहे हे मला वयाच्या तेराव्या वर्षी माहीत नव्हतं.

फळ्याच्या त्या दिवसानंतर मी जेवण कमी केलं. आधी आते खूश झाली, म्हणाली, "आता कशी शानी झाली." मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला. भूक लागली की वाटायचं, बघा, वर्गात एकीला तरी हे जमतं का. भाकरी गोठ्यात जायची आणि आमची गाय त्या पावसाळ्यात चांगली सुधारली. मग मी कमी करायचं ठरवायची गरजच उरली नाही, घास तोंडात फिरायला लागला. दिवाळीनंतर केस गळायला लागले, दुपारच्या उन्हातही थंडी वाजायची. महिन्याचं बाजूला बसणं थांबलं तेव्हा आई घाबरली, आणि आते तिच्याहून जास्त. त्या दोघी पहिल्यांदाच माझ्यावरून एकत्र बसून कुजबुजल्या. मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढून झाली. आते गावी जाऊन देवीला कौल लावून आली. देवीने बाहेरचं काही नाही असा कौल दिला, तर आतेचा देवीवरच विश्वास बसेना. डॉक्टरांनी टॉनिकची बाटली दिली आणि सांगितलं, हिला खायला घाला. ते सांगायला डॉक्टर कशाला हवा होता? शेवटी डिसेंबरात एका सकाळी मी प्रार्थनेच्या रांगेत कोसळले. शुद्ध आली तेव्हा डोकं तुमच्या मांडीवर होतं आणि तुमच्या पदराला खडूचा वास येत होता.

तार गेली आणि बाबा आले. ना गणपती, ना मे महिना, तरी बाबा आले! ही गोष्ट माझ्या दृष्टीने किती मोठी होती हे घरात कुणालाच समजलं नाही. ते पडवीत माझ्या खाटेशी बसून राहायचे. आई त्यांना चहा आणून द्यायची आणि तिथेच खांबाला टेकून उभी राहायची. मग कधीतरी खाली बसायची. दोघं हळू आवाजात बोलायची. आते स्वयंपाकघरात मुकाट पेज ढवळायची. माझ्या आठवणीत आमचं घर इतकं शांत आणि इतकं भरलेलं कधी नव्हतं. मी डोळे मिटून पडून असते आणि ऐकत असते, आणि मनात हिशेब अगदी सरळ असतो: मी जेवत नाही म्हणून हे सगळे इथे आहेत. बाबांची सोमवारची एस्टी ठरली असं कानावर पडलं, त्या दिवसापासून मी पेजही बंद केली. बाबांनी रजा वाढवली, आणि पुढेही वाढवतच राहिले.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही आमच्या घरी आलात. पायरीवर छत्री टेकून, घाम पुसत. बाईंनी घरी यायचं म्हणजे मुलीने काहीतरी केलंय, असाच तेव्हा सगळ्यांचा समज. आईने घाईघाईने बसायला चटई टाकली. तुम्ही बसलात, पाणी प्यायलात आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणालात, "मी आधी माझं सांगते. या मुलीचं माप मी फळ्यावर लिहिलं. सगळ्या वर्गासमोर दोनदा मोजायला लावलं. चूक माझी आहे आणि तेवढं सांगायला आले." बाबा गोंधळून उभे राहिले. शाळेतल्या बाई आपली चूक आहे म्हणतात, हे त्यांना नवीनच होतं. मी खाटेवर पांघरुणात तोंड घालून रडले. त्याआधी आणि त्यानंतरही मी अनेक मोठी माणसं बघितली, बाई. चूक झाली की त्यांचा आवाज चढतो. तुमचा उतरला होता.

आतेला मात्र ते झेपलं नाही. ती दारातून म्हणाली, "फळ्याचं सोडा ओ बाय. तिला खायला कसा घालायचा ता सांगा. नायतरी तुमचं लगीन नाय, पोर नाय, तुम्हाला कळायचं तरी काय?" आईने लाजून मान खाली घातली. तुम्ही चिडला नाहीत. "खरंच आहे," म्हणालात, "मला पोर नाही. म्हणून ऐकायला सवड आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की हिला माझ्या खोलीवर पाठवा. शिवणाची राहिलेली कामं आहेत, मदत होईल मला." खाण्याचा तुम्ही एक शब्दही काढला नाहीत. बहुतेक म्हणूनच मी यायला तयार झाले.

मी घरी पडून होते तेवढ्यात वर्गात एक बदल झालेला होता. टेपा कपाटात गेल्या होत्या. प्रत्येकीला तुम्ही एकेक लांब जाड दोरा कापून दिलात. दोरा स्वतःच्या अंगाभोवती धरायचा, जिथे जुळेल तिथे गाठ मारायची, कागदावर दोरा ठेवून पेन्सिलने खूण करायची आणि कापायचं. आकडा कुठेच नाही. दोरा जिच्या तिच्या काड्यापेटीत, दुसरीने बघायचा नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी म्हणे तुम्हाला विचारलं की मुली परीक्षेत मापं कशी लिहिणार, तर तुम्ही म्हणालात, "परीक्षेआधी आठ दिवस शिकवीन. तोवर त्यांना पोलकी घालू देत." हे मला तुमच्याच तोंडून कळलं, आणि सांगताना तुम्ही भलत्याच खूश होतात. थोडी बढाई मारायची सवय तुम्हाला होती, हे आज सांगायला हरकत नाही.

तुमची ती भाड्याची खोली. एक कॉट, एक मशीन, एक वातीचा स्टोव्ह. पहिल्या शनिवारी तुम्ही कुळथाची पिठी आणि भात केलात. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती: पोट दुखतं, घरी जेवून आले, उपास आहे. एकही लागलं नाही. तुम्ही भांडी मधे ठेवलीत, म्हणालात, "ताट तिथे फळीवर आहे. हवं तर घे," आणि स्वतःला वाढून घेतलंत. पहिलं. गरम. पिठी भातावर ओतलीत, वर कच्चं तेल सोडलंत, सुकी मिरची कुस्करलीत आणि मांडी घालून इतक्या चवीने जेवायला बसलात की मी बघतच राहिले. बाईमाणसाने स्वतःला आधी वाढून घेतलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्याकडे तुम्ही एकदाही बघितलं नाहीत. तिसऱ्या शनिवारी मी फळीवरचं ताट काढलं. त्या वेळीही तुम्ही बघितलं नाहीत, फक्त पिठीचं भांडं माझ्या बाजूला जरा सरकवलंत.

माझ्या दोऱ्याची पहिली गाठ तिथेच बांधली गेली. तुम्ही म्हणालात, "महिन्यातून एकदा बांधू. किती ते तुलाही नको, मलाही नको. पुढे जाते का मागे, एवढंच बघू." आणि दुसरी गाठ बांधायच्या दिवशी, सुईत दोरा ओवताना, माझ्याकडे पाठ करून तुम्ही विचारलंत, "तू जेवायला लागलीस तर घरात काय बदलेल गो?" तोपर्यंत सगळ्यांनी मला का जेवत नाहीस असंच विचारलं होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. याचं होतं. तुमचा दोरा ओवून झाला, एक काज पूर्ण झालं, तुम्ही दुसरं घेतलंत. मग मी म्हटलं, "बाबा जातील." तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं होतं तुम्ही हसाल, नाहीतर रागवाल. तुम्ही म्हणालात, "जातीलच. नोकरी आहे त्यांची. पण तुला ते हवेत हे त्यांना ठाऊक आहे का? का फक्त तू जेवत नाहीस एवढंच ठाऊक आहे?" त्या दुपारी मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. एखादी गोष्ट आपल्याला इतके दिवस बोलून दाखवता येत नव्हती म्हणून आपण ती अंगावर काढत होतो, हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त हलकं वाटलं आणि खूप राग आला, बाबांचाही आणि तुमचाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तुम्ही परत आमच्या पायरीवर. या वेळी बाबांशी बोललात. मी खिडकीआड होते. "मुंबईला जा, पण पत्र हिच्या नावाने घाला. घरच्या पत्रात शेवटी एक ओळ नको. वेगळं पत्र. आणि त्यात जेवणाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही." बाबा म्हणाले, "मग लिहू काय?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही दिवसभर काय करता ते तिला माहीत आहे का?" आईला सांगितलंत, "तिच्या ताटाकडे बघू नका. त्यापेक्षा तुम्हीच ताट घेऊन तिच्या शेजारी बसा. मुलगी शिकते ती बघून." आतेकडे वळून म्हणालात, "आणि तुम्हीही बसा. दमता तुम्ही." आते दारातच खाली टेकली. तिला कुणी दमता असं म्हटल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

बाबांचं पहिलं पत्र फारच गमतीशीर होतं. अनेक आशीर्वाद, पत्र लिहिण्यास कारण की, असं सगळं रीतसर, आणि मग एकदम, आज जहाजातून पोती उतरवली, एका पोत्यामागून मांजरीण निघाली, ती आता आमच्या टेबलाखाली राहते. दुसऱ्या पत्रात तिला पिल्लं झाली. तिसऱ्यात एक ओळ शाईने खोडली होती. मी पत्र उजेडासमोर धरलं, तर खाली दिसलं: जेवतेस ना. त्यांनी लिहिलं आणि तुमची आठवण होऊन खोडलं. ती खोडलेली ओळ मी कितीदा वाचली असेन. त्या दुपारी आई माझ्या शेजारी ताट घेऊन बसली होती, तिला अजून ते अवघडच वाटायचं, सारखी उठू बघायची. मी तिला विचारलं, "आई, तुला काय आवडतं खायला?" ती विचारात पडली. मग लाजून म्हणाली, "फणसाची भाजी. पण ती तुझ्या आतेला सोसत नाय, म्हणून करत नाय." आते पलीकडून म्हणाली, "म्हणून तू खायची नाय असा मी कधी सांगितला?" त्या साली फणसाची भाजी झाली. दोघी त्यावरून भांडल्याही, पण तोंडाने, माझ्या ताटातून नव्हे.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही, तुम्हाला ते पटायचंही नाही. बाबा कायमचे परत आले ते निवृत्त होऊनच. दहावीच्या वर्षी माझं पुन्हा बिघडलं होतं. आजही कुणी माझ्या ताटाकडे टक लावून बघितलं की माझा घास अडतो. पण ती वाट कुठे जाते हे मला कळलं होतं आणि परत फिरता येतं हेही.

आता ती राहिलेली गोष्ट. नववीत गेल्यावर, पहिल्याच आठवड्यात, तुम्ही आईला बाजारात भेटला होतात. मी मागे पिशवी धरून उभी. तुम्ही म्हणालात, "पोरगी मार्गाला लागली. आता एखाद-दोन गाठी पुढे सरकली की शनिवारची पाठवायची गरज नाही." आई तुमच्या पाया पडायला वाकली आणि मी मात्र उरलेले शनिवार मोजायला लागले. बरं झालं की माणसं जातात, हे मला पुन्हा दिसलं.

दोरा समोर आहे. पहिल्या पाच गाठी एकेका बोटाच्या अंतराने पुढे पुढे गेल्या आहेत. सहावी आणि सातवी पाचवीला अगदी खेटून बसल्या आहेत. सहावी बांधताना तुमचा हात क्षणभर थांबला होता, तेव्हा मी छताकडे बघत होते. सातवीला तुम्ही म्हणालात, "अजून वेळ लागेलसं दिसतंय. येत राहा शनिवारी." मी येत राहिले, तुमची मंडणगडला बदली होईपर्यंत; गाठ बांधायचं मात्र तुम्ही पुन्हा काढलं नाहीत. आणि दर शनिवारी पिठीभात दोनदा वाढून घेत होते, तुमच्या डोळ्यांसमोर. बदलीच्या दिवशी काड्यापेटी माझ्या हातात देताना तुम्ही हसलात, तेव्हा मला वाटलं की तुम्ही उगाचच हसलात. काल त्या मुलीच्या कमरेला टेप लावली तेव्हा कळलं की माप घेणाऱ्या हातापासून हे लपत नाही, आणि तुमचे हात तर माझ्याहून जाणते होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. काड्यापेटीबरोबर मशीनच्या खणात राहील. शेवटच्या दोन गाठी खोट्या आहेत, बाई. दोन्ही वेळा मी पोट आत ओढून धरलं होतं. मी बरी झाले होते. मला फक्त शनिवारी यायचं होतं.